खुलासा: पूर ओसरला म्हणजे गिरणाकाठ सुरक्षित झाला असं नाही

‘वाळू भिजली की घट्ट बसते, पूर ओसरल्यावर काठावर जायला हरकत नाही,’ असा निरोप गिरणाकाठच्या गावांत मोबाइलवर फिरतोय. हे अर्धवट आहे, आणि म्हणूनच जीवघेणं.

किंचित ओलसर वाळूत कणांमधलं थोडं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं, म्हणून खणलेली कड उभी दिसते. पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की ही ओढ संपते; पाण्याच्या दाबाने कणांमधलं घर्षण घटतं. कोरडी सुटी वाळूही साधारण ३० ते ३५ अंशांपेक्षा उभ्या उतारावर टिकत नाही.

पूर झपाट्याने उतरतो तेव्हा नदीच्या पाण्याचा बाहेरून असलेला आधार जातो, काठातलं पाणी मात्र आतच राहतं. कड ढासळते ती बहुतेकदा याच वेळी. वाळूउपशाने पाया कोरलेल्या कडेपाशी तर गुरंसुद्धा नेऊ नका.