टॉमी जॉन हे ऑपरेशनचं नाव नाही

टॉमी जॉन म्हटलं की आता कोपराचं ऑपरेशनच आठवतं. पण तो आहे अमेरिकन बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा; ते ऑपरेशन पहिल्यांदा झालं ते त्याच्यावर. 26 मोसम, 288 विजय, आणि हा पिचर अजून हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीच्या, बाहेर! त्यातले 164 विजय ऑपरेशननंतरचे.

17 जुलै 1974. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या या डावखुऱ्याचा त्या मोसमातला हिशेब होता 13 विजय, 3 पराभव. एका पिचला, म्हणजे एका फेकीला, कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे यूसीएल, गेलं. फेकताना मागे गेलेला हात झपकन पुढे येतो, तेव्हा कोपर आतून उघडायला बघतं. त्याला धरून ठेवतं ते हे लिगामेंट. (क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज कोपर जवळपास सरळ ठेवतो; त्याची बहुतेक कंबर जाते.) खरं तर हा ताण एकट्या लिगामेंटच्या आवाक्यातला नाहीच. मनगटाकडे जाणारे स्नायू भार वाटून घेतात; ते दमले की सगळं याच्या गळ्यात.

25 सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हातातली एक कंडरा काढून डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडून ओवली. ती कुठली बघायचीय? अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट जरा आत वळवा. मधोमध दोरीसारखी उठते ती. काहींना नसतेच, मग मांडीतली घेतात. जोब यांनी आशा दिली होती शंभरात एक. त्यात नस दुखावली, बोटं आखडली, डिसेंबरमध्ये पुन्हा टेबलावर. 1975 सगळं कोरडं गेलं.

आणि 1976 मध्ये गडी 207 इनिंग्ज (बेसबॉलच्या एका सामन्यात नऊ) टाकतो, 1977 मध्ये 20 सामने जिंकतो! कारण तो वेगावर जगणारा नव्हताच. त्याचं हत्यार सिंकर: शेवटी बुडी मारणारा चेंडू. बॅट चेंडूच्या वरच्या अंगाला लागते, चेंडू घरंगळत जातो, बाकी काम फिल्डरांचं. अशा पिचरला प्रत्येक पिचला जीव काढावा लागत नाही.

आता? मेजर लीगमधला (अमेरिकन बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा) सरासरी फास्टबॉल 2008 मध्ये ताशी 91.3 मैल होता, 2024 मध्ये 94.2. पहिल्या पिचपासून फुल्ल जोर. वर ‘ऑपरेशनने वेग वाढतो’ ही अफवा. अहो, कंडरा बदलून वेग येत नाही! वाढलाच तर तो वर्षभर घेतलेल्या पाय, पाठ, खांद्याच्या मेहनतीचा.

ती मेहनतही सावकाशीची. साधारण चार-पाच महिन्यांनी 45 फुटांवरून हलक्या हाताने सुरुवात, टप्प्याटप्प्याने 120 फूट, माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, त्यानंतर. सामना बारा ते अठरा महिन्यांनी. घोळ होतो तो नवव्या महिन्याच्या आसपास. दुखत नसतं, पोरगं खुशीत असतं, आणि कोचही वेग मोजायची रडारगन काढतो. पण बसवलेली कंडरा लिगामेंटसारखी मुरायला वेळ घेते, आणि ती कितपत मुरलीय हे दुखतंय की नाही यावरून कळत नाही.