झोप मोडून व्यायाम नको

"पहाटे पाचला उठा आणि तासभर चाला." वजन वाढलेलं असो, शुगर काठावर आलेली असो की कंबर धरलेली असो, औषधाच्या चिठ्ठीबरोबर हा सल्ला ठरलेला. देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेलहून रोज मुंबईत येऊन दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला तो देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेब मांडून बघा. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. फास्ट मिळाली तरी सव्वा-दीड तास गाडीत. घरून स्टेशनपर्यंत रिक्षा, उतरल्यावर पुन्हा रांग लावून शेअर रिक्षा किंवा बस. एका बाजूचे दोन तास इथेच गेले. मधे नऊ तासांचं ऑफिस. म्हणजे माणूस तेरा-चौदा तास घराबाहेर. उरलेल्या दहा तासांत स्वयंपाक, डबे, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या माणसांची औषधं, पाणी यायची वेळ आणि झोप. साडेअकराला पाठ टेकली आणि साडेपाचचा गजर असला, तर सहा तास मिळतात, तेही लगेच डोळा लागला तर. आता यातून व्यायामाचा तास काढा म्हणजे झोप पाच तासांवर आणा.

बायकांचं तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं, असं आढळलं. संध्याकाळच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणारी, मेथी निवडणारी बाई बघितली की या आकड्यांना चेहरा मिळतो. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, ताई, पाचला उठून चालायला जा?

आणि झोप कमी झाली की शरीर वसूल करतंच. दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, गोडावर आणि तळलेल्यावर हात जातो, इन्सुलिनचं काम मंदावतं. ज्या शुगरसाठी पहाटे बूट घालायचे, तिलाच झोप मोडून खतपाणी घालायचं, यात शहाणपण नाही.

मग व्यायाम करायचाच नाही का? करायचा, अगदी निष्ठेने करायचा. पण त्याचा वेळ झोपेतून न काढता प्रवासातून आणि ऑफिसातून काढायचा. मला एवढंच म्हणायचं आहे, पण ते नीट म्हणायचं आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

1953 साली लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. बस तीच, रस्ते तेच, माणसं साधारण एकाच थरातली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर तिकिटं फाडत वरच्या मजल्यावर जा-ये करत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी निघाला. पोस्ट खात्यातही तेच दिसलं, टपाल वाटत फिरणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे. कंडक्टरांचा आणि पोस्टमनचा हा व्यायाम त्यांच्या नोकरीच्या आतच होता, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशी सांगतात की मोठ्या माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काही करावं. 2010 च्या शिफारशींमध्ये एक अट होती, की हालचाल एका वेळी किमान 10 मिनिटं सलग हवी, तरच ती धरायची. ती अट 2020 मध्ये काढून टाकली. तीन मिनिटांचा जिना, पाच मिनिटांची भरभर चाल, सगळं जमेस धरलं जातं. लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी याहून मोठी बातमी नाही. ती प्रत्येक इंडिकेटरखाली लावायला हवी होती, पण दवाखान्यातसुद्धा कोणी सांगत नाही.

150 मिनिटं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, जाताना 15 आणि येताना 15. चर्चगेटहून नरिमन पॉइंट तेवढंच आहे. कुर्ला पश्चिमेला शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, मग त्याच रिक्षात चौथा माणूस म्हणून ड्रायव्हरशेजारी टेकायचं आणि सिग्नलला धूर खात बसायचं. तेवढ्या वेळात बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाचं, कुर्ल्याकडचं टोक पायी गाठता येतं. चाल मात्र खरी हवी. बरोबरच्या मैत्रिणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागायला हवा. ऑफिसची चप्पल पिशवीत आणि पायात बूट, ही माझी पहिली सूचना. अर्धी माणसं चालत नाहीत ती केवळ पायात चालण्याजोगं काही नसतं म्हणून.

पावसाळ्यात हे जमत नाही, मान्य. तेव्हा प्लॅटफॉर्म वापरा. बारा डब्यांची गाडी साधारण अडीचशे मीटर लांब असते, आणि आपण सगळे उतरल्यावर जिना समोर येईल असाच डबा धरतो. उलट करा, जिन्यापासून लांबचा डबा धरा, म्हणजे छपराखाली आपोआप चालणं होतं. (आम्हा बायकांना ही मुभा कमी, आमचे डबे ठरलेले. पण घरी जाताना गाडीची वाट बघत एका जागी खिळून उभं राहायचं की गर्दी नसलेल्या टोकाला फेऱ्या मारायच्या, हे आपल्याच हातात असतं.)

एका गैरसमजाबद्दल सांगायलाच हवं. डोंबिवलीपासून उभ्याने आलो म्हणजे व्यायाम झाला, असं समजणारे पुष्कळ आहेत. तसं होत नाही. गर्दीत न हलता उभं राहिलं की रक्त पायात साठतं, पोटऱ्या जड होतात, घोट्याला सूज येते. पोटरीचा स्नायू आवळला-सुटला की तो रक्त वर ढकलतो, म्हणून उभं असताना टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या. याला जागा लागत नाही, कोणाला धक्का लागत नाही. हँडल धरायचा हात मधेमधे बदलायचा. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकलात तर अर्धं शरीर हवेत आणि सगळा भार एका खुब्यावर येतो. कंबर भरून येते ती अनेकदा तिथूनच. ठाण्यानंतर जागा झाली की नीट मागे सरकून बसा, संकोच करू नका. आणि मोबाइल डोळ्यांच्या उंचीला आणा, मान त्याच्याकडे खाली नेऊ नका.

धावती गाडी पकडणं आणि दारात लटकणं याला कोणी कृपा करून चपळाई म्हणू नका.

आता ऑफिस. इथे घातक गोष्ट आहे ती न उठता सलग बसणं. ऑस्ट्रेलियातल्या 2012 च्या एका प्रयोगात सलग बसलेल्या आणि दर 20 मिनिटांनी उठून फक्त 2 मिनिटं चाललेल्या माणसांची तुलना केली, तर चालणाऱ्यांच्या रक्तात खाल्ल्यानंतरची साखर बरीच कमी चढली. कारण पायाचे मोठे स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, बसले की ते गिऱ्हाईकच नाहीसं होतं. दर 20 मिनिटांनी उठणं आपल्याकडे साहेब लोक खपवून घेणार नाहीत. पण पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवता येते. फोन उभ्याने घेता येतो. शेजारच्या टेबलावरच्याला ईमेल करण्याऐवजी उठून जाता येतं. आणि जेवणानंतर शतपावली घालता येते. शतपावली आपण रात्रीची समजतो, पण रात्री दहाला जेवून कोण फिरणार? मला दुपारची, ऑफिसच्या आवारातली शतपावली जास्त मोलाची वाटते. दहा मिनिटं पुरतात, आणि दोघी-तिघी असलो की ती चुकत नाही.

"मी तर बारीक आहे, मला काय होणार" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचंच उदाहरण देते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपण भारतीय दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचे, हे त्या एका जोडीने जगाला दाखवलं. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांची 80 च्या आत हवी. आमच्या विभागातल्या सगळ्यात किडकिडीत सहकाऱ्याला कंपनीच्या तपासणीत मधुमेह निघाला तेव्हा सगळे चकित झाले. हे याज्ञिकांचे आकडे माहीत असते तर झाले नसते.

अशा शरीराला नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूही राखावे लागतात. त्यासाठी जिमची फी भरायची ऐपत आणि वेळ असेल तर उत्तमच. नसेल तर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याच्या कडेला हात टेकून तिरके जोर काढा. ओट्यापासून पाय जितके मागे न्याल तितकं जड जातं. दात घासताना बैठका मारा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. सूर्यनमस्काराला तर सतरंजीएवढीच जागा लागते. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते आपल्या शाळांमध्ये सुरू केले आणि त्यांचा प्रसार करण्यात आयुष्य घातलं. साधनं लागत नाहीत, पैसे लागत नाहीत आणि सगळं शरीर हलतं. रविवारी मेगाब्लॉक असतोच, कुठे जाणं होत नाही, तेव्हा जरा जास्त घाला.

खाण्याबद्दल दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे दीक्षित की दर दोन तासांनी थोडं खा म्हणणाऱ्या दिवेकर हा वाद मला इथे उकरायचा नाही. लांबच्या प्रवाशाचा खरा प्रश्न रात्रीच्या जेवणाचा आहे. दुपारी एकला डबा, मग बिस्किटं आणि साखरेचे तीन-चार चहा, स्टेशनबाहेर वडापाव आणि दहाला भुकेने कासावीस होऊन पोटभर भात. खाऊन लगेच आडवं व्हायचं, मग ॲसिडिटी आणि उचकटलेली झोप. यावर उपाय दुसऱ्या डब्याचा. सकाळी दोन पोळ्या जास्त लाटायच्या, मटकीची किंवा चवळीची उसळ सोबत घ्यायची आणि ऑफिस सोडण्याआधी सहा-साडेसहाला खरं जेवून घ्यायचं. घरी गेल्यावर वाटीभर आमटी किंवा ताक, एवढ्यावर भागतं. घरच्यांबरोबर ताटावर बसायचं सुख त्यात थोडं कमी होतं, ते मलाही लागतं. पण त्यांच्या शेजारी आमटीची वाटी घेऊन बसता येतंच.

हे सगळं माणसाने आपापलं करावं म्हणून लिहिलं खरं, पण शहराने आणि मालकांनी हात झटकलेले मला चालणार नाहीत. चाला म्हणता, तर फुटपाथ कुठे आहेत? जिने चढा म्हणता, तर 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. अरुंद जिन्यावर चेंगरून 20 हून अधिक माणसं गेली, आणि मग सैन्याला बोलावून तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पूल बांधून घ्यावे लागले. रुंद जिना, मोकळा फुटपाथ, दिवे असलेला रस्ता, ही शहराची आरोग्यसेवाच आहे. गर्दी विभागली जावी म्हणून मध्य रेल्वेने कार्यालयांना वेळा मागेपुढे करायची विनंती केली, स्वतःच्या मुंबई विभागात तसं करूनही दाखवलं. खासगी ऑफिसांनी ते मनावर घ्यायला हवं होतं. उलट सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांमध्ये रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत, असं सांगितलं जातं. पण ज्या दिवशी दहा तास भरतील, त्या दिवशी बदलापूरची बाई घरी किती वाजता पोचेल? तो वाढीव तास झोपेतूनच जाणार. मला याची मनापासून चीड येते.

मालकांकडून मी फार मागत नाही. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं फिरणाऱ्याकडे कामचुकार म्हणून बघू नका. शक्य असेल तिथे आठवड्यातून दोन दिवस घरून काम द्या, त्या दिवशी वाचलेल्या चार तासांत माणूस झोपेलही आणि चालेलही. आणि जिने उघडे ठेवा. मुंबईतल्या किती ऑफिसांच्या इमारतींत जिन्याचं दार कुलपात किंवा खोक्यांच्या ढिगामागे असतं, ते बघा. आग लागली तर काय, हा प्रश्न आहेच, पण रोज चार मजले चढायची इच्छा असलेल्या माणसालाही लिफ्टच्या रांगेत उभं करायचं हा कुठला न्याय? आम्ही काही जणींनी मिळून व्यवस्थापनाला लेखी अर्ज दिला, त्यात अग्निसुरक्षा आणि आरोग्य असे दोन्ही मुद्दे घातले. कुलूप निघालं. मधल्या मजल्यांवरचे दिवे अजून लागायचे आहेत, त्याचा पाठपुरावा चालू आहे. तुमच्या इमारतीतलं जिन्याचं दार सोमवारी ढकलून बघा. बंद असेल तर मला कळवा, अर्जाचा मजकूर पाठवते, नावं आणि मजले तेवढे बदलून घ्या.