कुंपण कमरेएवढंच असावं

घर लहानच आहे आमचं. खाली दोन खोल्या, वर एक, दारापुढे तीनेक मीटर जागा आणि लगेच रस्ता. सहा वर्षांपूर्वी गल्लीत चोरी झाली आणि आम्ही घाबरून कुंपणाची भिंत दोन मीटर केली. त्याच कामात पुढची मातीही फरशीखाली गेली, चिखल नको म्हणून. दोन्ही चुका होत्या. आज लिहितेय, कारण पलीकडच्या गल्लीत एकापाठोपाठ एक भिंती उंच होताना दिसतायत आणि मला ते बघवत नाही.

बाबांची खुर्ची दाराशी असायची. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर येतात. भिंत मीटरभर होती तेव्हा त्यांना सगळा रस्ता दिसायचा. शाळेतून येणारी मुलं हात करायची, समोरच्या काकू झाडांना पाणी घालता घालता अर्धा तास बोलायच्या. भिंत वाढली आणि बाबांपुढे नुसता गिलावा उरला. आठवड्याभरात खुर्ची आत गेली. महिन्याभराने काकूंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "बाबा बरे आहेत ना गं तुझे? दिसत नाहीत हल्ली." समोरासमोरची घरं, आणि हे विचारावं लागलं!

सुरक्षिततेचं म्हणाल तर उंच भिंत चढून चोर आत उतरला की तो कुणालाच दिसत नाही. रस्ता सुरक्षित राहतो तो राहणाऱ्यांच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेमुळे, हे शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं. आम्ही नेमकी तीच नजर अडवली.

फरशीचा हिशोब तर सरळ आहे. २५ चौरस मीटर जागेवर २० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० लिटर पाणी होतं. आधी त्यातलं बरंचसं मातीत मुरायचं, नंतर सगळं रस्त्यावर. उन्हाळ्यात ती फरशी रात्री उशिरापर्यंत गरम, दार उघडलं की झळ आत.

सगळा दोष भिंतीचा नाही, हेही खरं. गाड्यांनी आमची गल्ली जवळची वाट म्हणून धरली, त्यानेही माणसं आत गेली. सॅन फ्रान्सिस्कोत शहररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी अशाच तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांशी बोलून अभ्यास केला होता. दिवसाला सुमारे २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला सरासरी तीन मित्र होते, १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही. पुढे १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेतच ॲपलयार्ड गेले. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. गाड्यांचा वेग एकट्या घराला कमी करता येत नाही, त्यासाठी सगळ्या गल्लीने मिळून मागणी लावून धरावी लागते. आणि एकमेकांची तोंडंच दिसत नसतील तर ती गल्ली जमणार कशी?

मागच्या वर्षी आम्ही भिंत उतरवली, फरशी उखडली, एक झाड लावलं. ते अजून गुडघ्याएवढंच आहे. बाबांची खुर्ची मात्र दाराशी परत आली.

ज्यांनी भिंत वाढवायचं ठरवलंय, त्यांना एवढीच विनंती. गवंड्याला बोलावण्याआधी कुंपणावर दोन मीटर उंचीला दोरी बांधा, जुनी चादर टांगा, आणि दाराशी खुर्ची टाकून दोन संध्याकाळ बसून बघा.