आजाऱ्याच्या भेटीस निघालेल्या निरोगी माणसास काही सूचना

महाराष्ट्र सरकारने २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, मास्क ऐच्छिक केला, आणि तो निर्णय कोरोनाच्या विषाणूवरही बंधनकारक आहे असे समजून आपण चालत आहात, हे योग्यच आहे. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी उठवली. धोका मात्र टळलेला नाही, असे संघटनेच्या प्रमुखांनी त्याच दिवशी बजावले होते. पण निवेदन शेवटपर्यंत वाचण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही. तेव्हा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या काकांच्या समाचाराला खुशाल निघावे. घसा सकाळपासून खवखवत असेल तर तो एसीचा त्रास आहे असे ठरवून टाकावे. चाचणी केली की उगीच काहीतरी निघते.

दाराशी चपलांच्या स्टँडवर काकूंनी मास्कचा खोका आणि सॅनिटायझरची बाटली मांडून ठेवलेली असेल. बाटलीतले दोन थेंब जरूर घ्यावेत, त्याने कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. खोक्याकडे मात्र हसून पाहावे आणि म्हणावे, ‘‘अहो काकू, आम्ही काय परके आहोत का?’’ नातेवाइकाच्या श्वासातून कोणाला काही होत नसते, हे काकूंना ठाऊक नसले तरी भिडेखातर त्या गप्प बसतात. फारच आग्रह झाला तर मास्क लावावा, पण नाक मोकळे ठेवावे आणि बोलताना तो हनुवटीखाली ओढावा, कारण काका आपला आवाज ऐकायला आसुसलेले असतात. झडप असलेला एन-९५ घरात पडून असेल तर उत्तमच. आत येणारी हवा तो गाळून देतो आणि आपला उच्छ्वास न गाळता झडपेतून बाहेर सोडतो. केंद्रीय आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये त्याच्याविरुद्ध राज्यांना सावध केले होते ते याच गुणामुळे. काळजी कोणाची घ्यायची याविषयी इतका स्पष्टवक्ता मास्क दुसरा नाही.

आता काका समजावू लागतील की नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबणारी औषधे त्यांना जन्मभर घ्यायची आहेत, आणि त्यामुळे लशीचाही त्यांना इतरांइतका उपयोग होत नाही. हे ऐकताना मान डोलवावी आणि ते थांबताच प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी गुळवेलीचा काढा सुचवावा. डॉक्टर जी शक्ती औषधे देऊन खाली ठेवतात तीच काढ्याने वर काढण्याचा सल्ला केवळ निरोगी माणूसच देऊ शकतो, आणि तोही फुकट. (काढ्याचे प्रमाण विचारले तर ‘चिमूटभर’ म्हणावे, हे प्रमाण कधीच चुकत नाही.)

काकूंनी शेजारच्या इमारतीत कोणी दगावल्याचे सांगितलेच, तर ताबडतोब विचारावे, ‘‘आधीचं काही होतं का त्यांना?’’ मधुमेह होता असे कळले की निःश्वास सोडावा. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि त्यांत आपल्या मातोश्रीही आहेत, हा हिशेब त्या क्षणी मांडू नये. समोर काका बसलेले आहेत आणि आपला निःश्वास त्यांना नीट ऐकू गेला आहे, याकडेही लक्ष देऊ नये.

निघताना सांगावे की ज्यांना एवढी भीती वाटते त्यांनी घरात बसावे, जगाने का थांबायचे? काकांना रक्ततपासणीला आणि त्यांच्या डायलिसिसवरच्या मित्राला आठवड्यातून दोन-तीन वेळा गर्दीच्या लोकलने जावे लागते, हा त्यांचा खासगी प्रश्न आहे.

पुढच्या आठवड्यात काकांना दाखल केल्याचे कळले तर रुग्णालयातही जाऊन यावे, माणुसकी सोडू नये. अतिदक्षता विभागाच्या दारात सुरक्षारक्षक मास्क पुढे करील. तेथे वाद न घालता तो घ्यावा आणि नाकावरची पट्टी दाबून नीट बसवावा. दवाखान्यात जंतू फार असतात, आणि आपल्या घरी लहान मुले आहेत.