खुलासा : २० टक्क्यांच्या आत असले तरी सहयोगी कंपनी ठरू शकते

‘दुसऱ्या कंपनीत २० टक्क्यांपेक्षा कमी शेअर असतील, तर ती सहयोगी कंपनी ठरतच नाही’ असा मजकूर सध्या कोल्हापूरच्या उद्योजकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. सहयोगी कंपनी म्हणजे जिच्या धोरणांवर गुंतवणूकदाराचा लक्षणीय प्रभाव असतो, पण नियंत्रण नसते, अशी कंपनी. सहयोगी कंपन्यांच्या हिशेबाचे भारतीय नियम, म्हणजे लेखामानक २३ असो वा इंड एएस २८, दोन्हींत २० टक्के मताधिकार असला तर असा प्रभाव आहे, नसला तर नाही, हे केवळ गृहीतक असून स्पष्ट पुराव्याने ते दोन्ही बाजूंनी खोडता येते.

समजा, शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीकडे गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपचे १८ टक्केच शेअर आहेत, पण फाउंड्रीचा प्रतिनिधी मशीन शॉपच्या संचालक मंडळावर बसतो, लाभांश किती द्यायचा या निर्णयात भाग घेतो आणि अत्यावश्यक तांत्रिक माहितीही फाउंड्रीच पुरवते, तर तिथे लक्षणीय प्रभाव सहसा सिद्ध होतो. मग फाउंड्रीच्या एकत्रित वित्तीय विवरणपत्रांत (संपूर्ण समूहाच्या एकत्र हिशेबांत) मशीन शॉपच्या नफ्यातलाच नव्हे, तोट्यातलाही वाटा दाखवावा लागतो, आणि माझ्या मते नेमकी हीच बाब त्या मजकुरामुळे नजरेआड होत आहे.