मामा, तिकडून आण

ओसाकात आठ वर्षं झाली, पण दिवाळीआधी नाशिकहून येणारा फोन काही चुकत नाही. या खेपेला भाचा होता. "मामा, स्विच २ तिकडे स्वस्त आहे ना? मग येताना घेऊन ये."

स्विच २ म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीचं गेम खेळायचं मशीन. स्वस्त आहे खरं. ५ जून २०२५ ला बाजारात आलं तेव्हा जपानात किंमत ४९,९८० येन. पण मेख अशी की ते फक्त जपानी बोलतं, निन्टेंडोचं ऑनलाइन अकाउंटही जपानचंच मागतं. सगळ्या भाषांचं हवं तर तेव्हा ६९,९८० येन. येन घसरलाय म्हणून पाहुण्यांनी पिशव्या भरून नेऊ नयेत, हा हिशेब उघड आहे. भारतात निन्टेंडो स्वतः मशीन विकतच नाही. उरतो मुंबईचा लॅमिंग्टन रोड, नाहीतर मामा.

घरच्या ग्रुपवर यावरून जुंपली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, तेव्हापासून आईच्या लेखी गेम म्हणजे जुगार. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिलीय, हे सांगून पाहिलं. उपयोग शून्य. दाजींचं म्हणणं, "आता सगळं क्लाउडवर येणार, डबा कशाला? मोबाइल आहे की."

दाजी, गूगलचं स्टेडिया क्लाउडवरच होतं, मशीनशिवाय नेटवरून थेट गेम. जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळलं. पैसे परत दिले म्हणून बोंब झाली नाही, इतकंच.

मला डब्याची नाही, कॅसेटची काळजी आहे. आम्ही सिडकोत वाढलो तेव्हा पाच घरांत मिळून एक व्हिडिओ गेम होता. कॉन्ट्रा एकाकडे, मारिओ दुसऱ्याकडे. अदलाबदल करायची, चालली नाही तर फुंकर मारायची. जपानीतही तिला 'कासेत्तो'च म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुकानात एकटाच हसलो होतो. इथल्या देनदेन टाउन या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ साली आलेल्या मशीनच्या, कॅसेटी आजही मिळतात आणि चालतात. पोरं गेम संपवतात, विकतात, त्या पैशात दुसरा घेतात. कन्सोल, म्हणजे दाजींचा डबा, महाग होऊनही इथे टिकून आहे तो माझ्या मते या जुन्या मालाच्या दुकानांमुळे.

आणि नेमकं तेच आता आवळत चाललंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ५ प्रोला डिस्कचा खण नाही, तो वेगळा विकत घ्यायचा. स्विच २ च्या कितीतरी गेमचं 'गेम-की कार्ड' येतं: हातात कॅसेट, आत नुसती किल्ली, गेम नेटवरून उतरवायचा. उसना देता येतो, विकताही येतो, पण कंपनीचा सर्व्हर चालू आहे तोवरच. पुढे ते प्लॅस्टिकच.

म्हणून मी पहिलं स्विच घेतलंय, वापरलेलं. त्यात इंग्रजी लावता येतं, आणि सोबतच्या तिन्ही कॅसेटींत अख्खा गेम आहे. भाचा फुगलाय. ताईला एवढंच कळायला हवंय की तिकडची चपटी पिन आपल्या बोर्डात बसेल का. नाही बसत गं, कनव्हर्टर आणून ठेव.