विग्रह आधी वहीत
‘एआयमुळे संधिविग्रहात जाणारा वेळ वाचतो,’ हे एआयच्या मदतीने संस्कृत शिकण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. संस्कृत शिकताना जोडलेली पदं सुटी करण्यात जाणारा तोच वेळ तर कामाचा असतो! ‘वन आस्ते’ (वनात बसतो) घ्या. विग्रह ‘वने + आस्ते’. पण ‘वनः + आस्ते’चंही संधीनंतर हेच रूप होतं, आणि एआय तसं ठामपणे सांगूनही मोकळं होऊ शकतं. ‘वन’ नपुंसकलिंगी, त्याचं पुल्लिंगी शब्दासारखं ‘वनः’ होतच नाही, हे पकडायला शब्दरूपं तोंडपाठ हवीत.

म्हणून विद्यार्थ्याने आधी वहीत पदच्छेद करावा, म्हणजे पदं सुटी लिहावीत, प्रत्येक पदापुढे लिंग, विभक्ती, वचन लिहावं. मग एआयला फक्त ‘चूक कुठल्या पदात आहे?’ एवढंच विचारावं. सरावाची वाक्यं मात्र खुशाल मागा. त्यांतली द्विवचनाची (दोघांसाठीची) क्रियापदं तेवढी शिक्षकाने तपासून द्यावीत, कारण एआय तिथेही चुकू शकतं.